त्या रात्रीनंतरची ड्यूटी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

तालुक्याच्या गावातलं 100 खाटांचं, एका ट्रस्टचं रुग्णालय. पत्र लिहिणाऱ्या सिस्टर तिथे प्रसूती विभागाच्या इन्चार्ज आहेत. वय 43, नोकरीला 19 वर्षं झाली. 7 आठवड्यांपूर्वी रात्रपाळीत एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. रक्ताच्या पिशव्या जिल्ह्याच्या गावाहून यायच्या होत्या, त्या पोचायच्या आत ती गेली. बाळ वाचलं. पहाटे नातेवाइकांनी लेबर रूमच्या काचा फोडल्या आणि 26 वर्षांच्या एका स्टाफ नर्सला केस धरून ओढलं. चौथ्या दिवशी ती नर्स कामावर आली. तेव्हापासून ती लेबर रूमच्या दाराशी थबकते, एकच इंजेक्शन चार चारदा तपासते, मोबाइल वाजला तरी दचकते आणि डबा खायला सगळ्यांत बसत नाही. व्यवस्थापनाने बाहेरच्या एका वक्त्याला बोलावून 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चं सत्र घेतलं. त्यात सगळ्यांना गोलात बसवून त्या रात्री काय झालं आणि काय वाटलं, ते एकेकाला सांगायला लावलं. ती मध्येच उठून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात कुजबूज सुरू झाली. मेट्रनचं (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांचं) म्हणणं, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं. डोळे पुसायचे आणि पुढच्या पेशंटला सलाइन लावायचं.' सिस्टरांनी 'पीअर सपोर्ट'बद्दल, म्हणजे सहकाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याबद्दल, वाचलं आहे. दर शनिवारी असा ग्रुप स्वतः चालवावा, असं त्यांच्या मनात आहे. त्या विचारतात : 'तिला बोलतं कसं करू? तिच्या भल्यासाठी तिची ओपीडीला बदली करून टाकू का? आणि आमच्यासारख्या लहान रुग्णालयात असा ग्रुप चालेल का?' सहीच्या वर एक ओळ आहे : 'मलाही हल्ली झोप लागत नाही, पण ते वयाचं असेल.'

प्रिय सिस्टर,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर तुम्ही कदाचित उद्याच काहीतरी कराल. तिला बोलतं करायला जाऊ नका.

तिच्याजवळ जरूर जा. पण त्या रात्रीची हकीकत तिच्याकडून काढून घ्यायला जाऊ नका. 'मन मोकळं कर, हलकं वाटेल' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि दुःखात ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. आघाताची गोष्ट वेगळी असते. दुःखाची आठवण 'गेल्या महिन्यात असं झालं होतं' अशी येते. आघाताची आठवण पुष्कळदा आत्ता घडतंय अशीच येते. तोच रक्ताचा वास, तोच काचांचा आवाज, छातीत तीच धडधड. अशा माणसाला चारचौघांत 'सांग, काय झालं' असं म्हटलं की आपण त्याला पुन्हा त्या खोलीत नेऊन उभं करतो. ती उठून गेली हे चांगलंच झालं. त्या अख्ख्या सत्रात स्वतःला सांभाळणारी कृती तेवढी एकच झाली, आणि ती तिने केली.

ते सत्र कुणी वाईट हेतूने घेतलं असेल असं मला वाटत नाही. त्या पद्धतीला इतिहास आहे. स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये अमेरिकेत अशा बैठकीची रीत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे लोकांनी तपासून पाहिलं. आघातानंतर लगेच एका बैठकीत माणसाकडून प्रसंग वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, हे 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, दिसलं. एका चाचणीत तर अशी बैठक झालेल्यांचा त्रास वर्षभराने जास्तच निघाला. नुकत्याच आघातातून गेलेल्या माणसांसाठी ही पद्धत वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं. तरीही आपल्याकडे काही घडलं की आधी व्याख्यान ठरतं आणि खुर्च्या गोलात मांडल्या जातात.

ही चूक मीही केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. एका वाईट रात्रीनंतर तिथल्या एका वॉर्डबॉय मामांना मी माझ्या खोलीत बसवलं आणि तासभर फार मायेने, फार मन लावून प्रश्न विचारले. त्यानंतर कितीतरी महिने ते माझ्या खोलीवरून जायचं टाळायचे, लांबच्या जिन्याने वर चढायचे. खूप नंतर म्हणाले, 'मॅडम, तुम्ही ऐकत होता. पण थांबायचं कधी, ते तुम्ही ठरवत होता.' आघाताचं भान म्हणजे काय, ते मला पुस्तकांच्या आधी त्या मामांनी शिकवलं. त्या रात्री त्यांच्या हातात काहीही उरलं नव्हतं. माझ्या खोलीत पुन्हा तेच झालं.

म्हणून तुमच्या सहकारी मुलीसाठी पहिली गोष्ट ही, की काहीतरी तिच्या हातात असू द्या. तुम्ही तिला एवढंच म्हणू शकता : 'अगं, त्या रात्रीचं काही विचारायला आले नाहीये. तू कशी आहेस तेवढं बघायला आले. बोलावंसं वाटलं तर मी आहे, नाही वाटलं तरी चालेल.' मग खरंच गप्प बसा. तिला चहा द्या. दोन-तीन दिवसांनी एक कामाचा प्रश्न विचारता येईल : 'ड्यूटीवर सध्या सगळ्यात जड काय जातं?' याचं उत्तर द्यायला तिला त्या रात्रीत परत जावं लागत नाही. ती म्हणेल, रात्री दोनची बेल. किंवा ते दार. किंवा एकटीने औषधाची ट्रॉली लावणं. अशा गोष्टींवर तुम्ही त्याच आठवड्यात काहीतरी करू शकता. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांत मावतं : पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात 'विचारून काढा' असं कुठेही नाही.

वॉर्डातली कुजबूज काय असेल याचा मला अंदाज आहे. 'हिला झालंय तरी काय?' आघाताचं भान असलेल्या ठिकाणी हाच प्रश्न जरा फिरवून विचारतात : 'हिच्यावर काय गुजरलंय?' तुम्ही लिहिलेल्या सगळ्या खुणा या दुसऱ्या प्रश्नाने वाचून बघा. इंजेक्शन चारदा तपासणारी मुलगी संथ झालेली नाही. आपल्या हातून काही राहून गेलं का, हे ती रोज पुन्हा पुन्हा पाहते आहे. डबा खायला सगळ्यांत न बसणारी मुलगी तुसडी झालेली नाही. जिथे प्रत्येक जण तिच्याकडे बघतो, त्या जागेपासून ती लांब राहते आहे. हे नाटक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना व्याख्यान देऊ नका. त्यांना एवढंच विचारा, की त्या पहाटे तुमचे केस कुणी धरले असते तर आज त्याच दारातून आत जाताना तुमचं काय झालं असतं?

पत्रावरून निदान करणं योग्य नाही आणि मी ते करणारही नाही. पण 7 आठवडे हा आकडा महत्त्वाचा आहे. अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं, त्याच त्या आठवणी येणं हे पुष्कळांना होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू निवळतं. महिना उलटूनही तसंच राहिलं आणि कामावर, झोपेवर, जेवणावर त्याची छाया पडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने एकदा नीट तपासायला हवं. आघातानंतरच्या विकारावर चांगले उपचार आहेत, आणि त्यांत प्रसंगाबद्दल बोलणंही येतं. पण ते प्रशिक्षित माणसासोबत, तिच्या गतीने आणि बंद खोलीत. ते काम ना तुमचं, ना कुठल्या ग्रुपचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, 24 तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आधी तिला फक्त क्रमांक द्या. तुमच्यासमोर फोन लावायला सांगू नका.

एक गोष्ट रुग्णालयात काम करणाऱ्या सगळ्यांसाठीच लिहिते. झोपेसाठी वॉर्डातली गोळी घेऊन बघण्याचा मोह आपल्या लोकांना फार लवकर होतो, कारण गोळी हाताशी असते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासावर बेंझोडायझेपिन गटाच्या (झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या) गोळ्या देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. नंतरही त्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घेऊ नयेत. आणि तुमच्यापैकी कुणी 'आता नकोच वाटतं सगळं' अशा भाषेत बोलू लागलं, तर विषय बदलू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आपल्याला हे कळलं, याचाच त्या माणसाला आधार होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा. तिथे गुप्ततेचं वचन थांबतं, आणि ते आधीच सांगून ठेवायचं असतं.

आता बदलीकडे येते. 'तिच्या भल्यासाठी' हे शब्द तुम्ही खऱ्या मायेने लिहिलेत हे दिसतं. पण तिला न विचारता ओपीडीला टाकलं, तर वॉर्ड त्याचा एकच अर्थ काढेल : चूक तिचीच होती. तीही तोच अर्थ काढेल. उलट 'घोड्यावरून पडलं की लगेच परत बसायचं' म्हणून तिला रोज लेबर रूमला लावणंही बरोबर नाही. तिच्यासमोर दोन-तीन वाटा ठेवा. महिनाभर पोस्टनेटल (बाळंतपणानंतरचा) वॉर्ड. किंवा लेबर रूमच, पण फक्त दिवसपाळी आणि सोबत तिने निवडलेली एक सिस्टर. किंवा काही दिवस ओपीडी, आणि परत यायची तारीख तिने सांगायची. काय निवडलं ते 15 दिवसांनी बदलता येईल, हेही सांगा. ड्यूटी लिस्टवर कारण लिहू नका. कुणी विचारलं तर 'आमचं ठरलंय' एवढं पुरे.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखही नाही अशा एका गोष्टीवर मला जरा थांबायचं आहे. चौकशीचं काय झालं? माता मृत्यू झाला की त्याचं अन्वेषण होतं, कागद वर जातात, डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे जबाब होतात. या मुलीला त्यातलं काय सांगितलं गेलं? माझा अनुभव असा, की धाकट्या सिस्टरांना शेवटपर्यंत कुणी काही सांगत नाही. मग प्रत्येक बंद लिफाफा आपल्याच नावाचा वाटतो.

अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयात सूझन स्कॉट यांनी, ज्या स्वतः नर्स आहेत, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रसंगातून गेलेल्या 31 आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलून 2009 मध्ये त्यांच्या वाटेचे टप्पे मांडले. आधी गोंधळ. मग 'मी तेव्हा असं केलं असतं तर' हे मनात फिरत राहणारं चक्र. मग 'आता माझ्यावर कोण विश्वास ठेवेल' ही भीती. त्यानंतर चौकशीचा काळ, मग आधाराची शोधाशोध, आणि शेवटी तीन वाटा : कुणी काम सोडतं, कुणी कसंबसं टिकतं, कुणी त्यातून काही उभं करतं. तुमची सहकारी चार चारदा इंजेक्शन तपासते, ती त्या चक्रात आहे. चौकशी कुठवर आलीय, पुढे कोण बोलावणार, जबाबाच्या वेळी सोबत कोण बसेल, हे तिला कुणीतरी समोर बसून सांगितलं तर तिची अर्धी रात्र सुटेल. माता मृत्यूच्या अन्वेषणामागचं तत्त्वच मुळी 'नाव नको, दोष नको' असं आहे. उशीर कुठे झाला, रक्त वेळेत का आलं नाही, हे शोधण्यासाठी ते असतं. हे तिला ठाऊक आहे का?

अशा कर्मचाऱ्यांसाठी डॉ. आल्बर्ट वू यांनी 2000 मध्ये 'दुसरा बळी' असा शब्द वापरला होता. पुढे, दगावलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी त्याला आक्षेप घेतला आणि मला तो पटतो. त्या रात्री ज्या घरातली आई गेली, त्या घराचं दुःख पहिलं आहे. ते बाळ आता 7 आठवड्यांचं असेल. कर्मचाऱ्यांना आधार देताना हे विसरायचं कारण नाही. दोन्ही दुःखं मोठी आहेत आणि एकाला जागा दिल्याने दुसरं लहान होत नाही. हल्ला मात्र गुन्हाच आहे. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा त्याला दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवतो, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड सांगतो. तक्रार तिने एकटीने पोलीस ठाण्यात जाऊन द्यायची, की संस्थेने? ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केंद्राच्या रुग्णालयांना कळवलं, की हल्ला झाल्यास 6 तासांच्या आत एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. तुमच्या ट्रस्टला ते थेट लागू होत नसेल, पण रीत तीच योग्य आहे. फुटलेल्या काचा लगेच बसवल्या गेल्या असतील. तक्रारीचं काय झालं, ते विचारा.

आता ग्रुप. तो चालेल, लहान रुग्णालयात तर चांगला चालेल. पण तुम्ही ठरवलाय तसा नको.

एक तर तो तुम्ही चालवू नका. हे वाचून वाईट वाटेल, पण ड्यूटी लिस्ट तुम्ही लावता. रजा तुम्ही मंजूर करता. गोपनीय अहवालासाठी मेट्रन तुमचंच मत घेत असतील. ज्या व्यक्तीच्या हातात आपल्या नाईट ड्यूट्या आहेत तिला 'मला लेबर रूमची भीती वाटते' हे कोण सांगेल? तुम्ही कितीही प्रेमळ असलात तरी ते अंतर राहणार. पीअर म्हणजे बरोबरीचं माणूस, आणि बरोबरीत दुसऱ्याच्या हाती आपला पगार किंवा पाळी नसते.

मिसुरीत यासाठी तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर त्याच विभागातले सोबती आणि इन्चार्ज : काही घडल्यावर लगेच जवळ जाणं, घरी कसं जाणार विचारणं, उद्याची ड्यूटी बघणं. दुसऱ्या पायरीवर प्रशिक्षण घेतलेले सहकारी. तिसरीवर तज्ज्ञ. तुमची जागा पहिल्या पायरीवर आहे आणि ती फार मोठी आहे. बहुतेकांना तेवढाच आधार पुरतो. दुसऱ्या पायरीसाठी माणसं वेगळी हवीत.

ती कशी निवडायची? अर्ज मागवू नका आणि हुद्द्यावरून नेमूही नका. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या : 'वाईट दिवशी या इमारतीतल्या कुणाशी बोलावंसं वाटेल?' दोन नावं लिहायची, स्वतःचं नाव लिहायचं नाही. काही नावं पुन्हा पुन्हा येतील आणि त्यातली एक-दोन तुम्हाला चकित करतील. त्यांची तयारी असेल तरच घ्या. दर शनिवारची सभा मात्र नको. रात्रपाळीवाल्या येऊ शकणार नाहीत, ज्यांचा ऑफ असेल त्यांची मुलं घरी वाट बघत असतात, आणि आठवड्याला एकदा ठरल्या वेळी दुःखी होता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक पाळीला एक, अशी तीन-चार नावं चेंजिंग रूममध्ये लावा. ज्याला वाटेल तो त्यांना गाठेल. काही मोठं घडलं तर त्यांच्यापैकी एक जण 24 तासांत स्वतः जाऊन विचारेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारेल, आणि 'नको' ऐकलं तर परत फिरेल.

या यादीत फक्त सिस्टर असू नयेत. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : 'मावशींनी उजाडायच्या आत सगळं धुऊन काढलं आणि मला चहा आणून दिला.' सिस्टर, त्या रात्रीचं सगळं रक्त त्या मावशींनी पुसलं. मृतदेह कोणत्या तरी मामांनी खाली नेला असेल. गोलातल्या खुर्च्यांत त्यांच्यासाठी खुर्ची होती का? बहुधा त्या कंत्राटावर असतील, दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली तर पैसे कापले जात असतील. रुग्णालयात 'स्टाफ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणवेश आणि डिग्री येते. आघात डिग्री बघून होत नाही.

माणसं निवडली की त्यांना थोडं शिकवावं लागेल : ऐकायचं कसं, सल्ला द्यायचा मोह गिळायचा कसा, केव्हा पुढे पाठवायचं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. त्यांना पत्र लिहा. एक दिवसाचं प्रशिक्षण आणि नंतर महिन्यातून एकदा या तीन-चार जणांसोबत तासभर बसणारं कुणीतरी, एवढं मागा. तो मासिक तास सोडू नका. दुसऱ्याचं ऐकणाऱ्याला स्वतःचं रितं करायला जागा नसेल तर वर्षभरात त्याच माणसाचा आधार जातो.

आणि एक नियम पहिल्या दिवशीच ठरवा : आधाराच्या गप्पांत प्रसंगाचे वैद्यकीय तपशील नकोत. कोणतं औषध किती वाजता दिलं, डॉक्टर किती वाजता आले, हे तिथे बोलायचं नाही आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच लिहायचं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन घातलं आहे. सहकाऱ्याशी झालेल्या बोलण्याला वकील-अशिलासारखं कायद्याचं कवच नाही. चौकशी किंवा खटला चालू असताना हे साधं भान दोघांनाही वाचवतं. नोंद ठेवायचीच तर 'या महिन्यात किती जणांशी बोलणं झालं' एवढा आकडा. नावं नकोत.

समदुःखी माणसाच्या आधाराची ही कल्पना परदेशी आहे असं ट्रस्टी म्हणाले, तर त्यांना पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राबद्दल सांगा. 1986 पासून चाललेल्या त्या केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं समुपदेशक म्हणून काम करतात. 'मीही इथून गेलोय' या वाक्याचं वजन तिथे रोज दिसतं.

पण ट्रस्टींना आणखीही काही सांगावं लागेल, आणि ते तुम्ही सांगायला हवं. रात्री एका मजल्यावर सिस्टर किती? लेबर रूमच्या दाराशी रखवालदार असतो का? रक्त साठवायची सोय इथे का होत नाही? या प्रश्नांची उत्तरं न देता ग्रुप सुरू केला, तर तो माणसांना तेच ओझं जरा जास्त वेळ उचलायला शिकवेल, इतकंच. पुढच्या बाळंतिणीलाही तीच पिशवी त्याच रस्त्याने येईल. तुमच्या मुलींना सगळ्यात जास्त धीर कशाने येईल असं मला विचाराल, तर मी म्हणेन, पुन्हा असा रक्तस्राव झाला तर आपल्याकडे रक्त आहे, या माहितीने.

मेट्रनबद्दल दोन शब्द. त्यांच्याशी भांडू नका. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' यातलं 'असलं' म्हणजे काय, ते एखाद्या निवांत दुपारी विचारा. तीसेक वर्षांच्या नोकरीत त्यांनीही एखादी रात्र पाहिलेली असणार, जिचं नाव, खाट क्रमांक आणि वार त्यांना आजही पाठ असेल. त्यांचे डोळे कुणी पुसले होते? त्यांनी सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर त्यांनाही तीच सवलत द्या.

शेवटी तुमची ती ओळ. 'वयाचं असेल.' असेलही. 43 व्या वर्षी झोप बदलते. पण तुम्ही त्या रात्रीबद्दल जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. पिशव्या घेऊन गाडी कुठवर आली हे फोन करून कोण विचारत होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. इन्चार्ज सिस्टर असताना ते दुसरं कोण करणार? काचा फुटल्या तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होता? त्या मुलीचे केस कुणी सोडवले? मला उत्तरं नकोत. एवढंच म्हणते, की त्या खोलीत तुम्हीही होता, आणि पूर्ण पत्रात तुम्हाला स्वतःसाठी एकच ओळ सापडली, तीही सहीच्या वर. 7 आठवडे तुम्हालाही झाले आहेत. जो नियम त्या मुलीला, तोच तुम्हाला. चिठ्ठ्यांत तुम्हीही दोन नावं लिहा, मात्र तुमच्या हाताखालची नकोत. दुसऱ्या विभागातली, तुमच्या बॅचची कुणी असेल तर बघा.

या रविवारी पुढची ड्यूटी लिस्ट लावाल तेव्हा एका वारी स्वतःचा ऑफ टाका आणि त्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन या. प्रशिक्षणासाठीचं पत्र द्यायला जातेय असं सांगितलंत तरी चालेल, ते खोटं नसेल. पत्र देऊन झालं की तिथेच केसपेपर काढा, तुमच्या नावाने. आणि जायच्या आधी, सकाळची पाळी बदलताना मावशी दिसल्या तर या वेळी चहा तुम्ही करा.